विरळ हवेतला व्यायाम आणि रक्तातली साखर: खरंच फरक पडतो का?

मंदगती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

वय ५२. मागच्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा) ६.२ आला. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभा आहे (५.७ ते ६.४ हा तो उंबरठा). वजन जास्त, त्यात उजव्या गुडघ्याची झीज. भरभर चाललं की गुडघा कुरकुरतो, हळू चाललं तर घामसुद्धा येत नाही. झोप आठ तास होते, तरी दुपारी खुर्चीत डुलक्या. घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू जातं अशी घरच्यांची तक्रार आहे. असो, तो विषय वेगळा.

मी जातो त्या जिममध्ये आता काचेची एक खोली केली आहे. आत ट्रेडमिल आणि सायकली. यंत्र लावून आतल्या हवेतला ऑक्सिजन कमी करतात, म्हणजे म्हणे उंच डोंगरावर व्यायाम केल्यासारखं होतं. ट्रेनर सांगतो, इथला अर्धा तास म्हणजे बाहेरचे दोन तास, चरबी झपाट्याने जळते, साखर आपोआप उतरते. मी विचारलं, आत ऑक्सिजन किती टक्के? म्हणाला, "सर, अडीच हजार मीटर." म्हटलं, अहो टक्के किती? "सर, तेच ते."

तर जाणकारांनी जरा उजेड पाडावा. यात तथ्य किती, जाहिरात किती? आणि माझ्यासारख्याने त्या खोलीत शिरावं का?

खवचट

आमच्या ऑफिसच्या मीटिंगच्या खोलीत वर्षानुवर्षं ऑक्सिजन कमीच आहे. कुणाचं वजन उतरलेलं पाहिलं नाही.

पेशीवाला

खवचटराव, विनोद मान्य, पण बंद खोलीत जीव कोंदटतो तो ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. तिथे कार्बन डायऑक्साइड, उष्णता आणि दमटपणा वाढतो. ऑक्सिजन जेमतेम टक्क्याच्या काही दशांशांनी घटतो. हे आधी सांगतोय कारण पुढे मास्कचा विषय निघणारच, तिथेही हाच घोळ असतो.

आता मूळ प्रश्न. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

डोंगरावरच्या हवेतही ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा, साडेपाच हजार मीटरवर त्याच्या निम्मा, एव्हरेस्टच्या माथ्यावर साधारण एक तृतीयांश. दाब घटला की फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोर घटतो. काचेच्या खोलीत दाब बाहेरच्याइतकाच असतो, तिथे नायट्रोजनचं प्रमाण वाढवून ऑक्सिजन खाली आणतात. हवेत १५ टक्के ऑक्सिजन ठेवला की साधारण २५०० ते २७०० मीटर उंचीइतका परिणाम होतो. तुमच्या ट्रेनरला एवढं एक वाक्य पाठ असायला हरकत नव्हती.

पेशीत काय होतं ते बघा. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत हिफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं आणि सतत मोडीतही निघत असतं. ऑक्सिजन भरपूर असेल तर एक विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच वापरून त्यावर खूण करतं, आणि खूण झाली की पाच मिनिटांच्या आत त्याची विल्हेवाट लागते. ऑक्सिजन घटला की खूण करायलाच काही उरत नाही. हिफ साठतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि शेकडो जनुकांना कामाला लावतं: तांबड्या पेशी वाढवा, नव्या केशवाहिन्या काढा, साखर आत घ्या आणि ऑक्सिजनशिवाय जमेल तेवढी जाळा. हा उलगडा करणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि साखरेचं म्हणाल तर स्नायूच्या पेशीला दोन दारं आहेत असं समजा. पुढच्या दाराची घंटा इन्सुलिन वाजवतं. घंटा ऐकली की ग्लुट-४ नावाचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. तुमच्यासारख्यांची ही घंटा नीट वाजत नाही, त्यालाच इन्सुलिनला दाद न देणं म्हणतात. मागचं दार मात्र स्नायू आकुंचन पावला की उघडतं, इन्सुलिनची वाट न पाहता. पेशीतली ऊर्जा कमी पडतेय हे एएमपीके नावाच्या विकराला आणि त्याच्या सोबत्यांना कळतं, आणि तेच ग्लुट-४ वर येतात. ऑक्सिजनची टंचाई हे मागचंच दार ठोठावते, हे १९९० च्या दशकात आधी उंदरांच्या आणि मग माणसांच्या स्नायूंच्या पट्ट्यांवर दिसलं. पट्टी बशीत, आकुंचन नाही, नुसता ऑक्सिजन कमी केला, तरी साखर आत गेली.

म्हणजे कल्पनेत दम आहे. मागच्या दारावर दोघांनी मिळून धक्का द्यायचा. पण बशीतली पट्टी आणि गुडघेदुखीवाला अख्खा माणूस यांच्यात बरंच अंतर आहे.

अर्धविराम

वाचतेय. छान समजावलंत. ते तोंडाला बांधायचे "उंचीवाले" मास्क असतात, त्यांनीही हेच होतं का? माझ्याकडे एक पडून आहे.

पेशीवाला

नाही. मास्क आतल्या हवेतला ऑक्सिजनही कमी करत नाही आणि दाबही. तो फक्त श्वास ओढायला अडथळा करतो आणि थोडी उच्छ्वासाची हवा परत आत घ्यायला लावतो. श्वासाच्या स्नायूंना व्यायाम होत असेल, डोंगर मात्र होत नाही. श्वास रोखून धरण्याचंही तसंच, तिथे कार्बन डायऑक्साइडही चढतो, त्यामुळे शरीराचा सगळा प्रतिसादच बदलतो.

चढउतार

पेशीवाले, मस्त. मी गिर्यारोहक, उंचीवर वजन उतरतं हे अंगाने अनुभवलंय. एका मोहिमेत पाच हजार मीटरच्या वर जवळजवळ दीड महिना होतो. परत आलो तेव्हा नऊ किलो कमी. लोक म्हणाले वा! मला मात्र जिने चढवेनात. मांड्या काड्या झाल्या होत्या. उतरली होती ती चरबी कमी आणि मांस जास्त.

हा माझ्या एकट्याचा किस्सा नाही. १९८५ मध्ये ऑपरेशन एव्हरेस्ट २ नावाचा प्रयोग झाला. निरोगी तरुणांना दाब कमी करता येणाऱ्या बंद कक्षात चाळीस दिवस ठेवून हळूहळू एव्हरेस्टच्या "माथ्यावर" नेलं. आत थंडी नाही, वादळ नाही, खायला हवं ते. तरी खाणं चाळीस टक्क्यांहून जास्त घटलं आणि वजन सरासरी सात किलोंच्या वर उतरलं, त्यातला मोठा वाटा स्नायूंचा. भूकच मरते हो. समोर आवडीचं ताट असलं तरी घास फिरतो.

म्हणून "उंचीवर चरबी जळते" म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो: किती उंचीवर, आणि जळलं नेमकं काय?

आकडेमोड

चढउतार यांच्या प्रश्नालाच धरून. माझं काम आकड्यांचं, औषध-चाचण्यांची विदा तपासण्याचं. या विषयात बऱ्यापैकी वाचलंय, जे आठवतंय ते टाकतो.

आधी ट्रेनरचा "अर्धा तास म्हणजे दोन तास". हे सरळसरळ चूक. ठरावीक वेगाने चालायला जेवढा ऑक्सिजन लागतो तेवढा समुद्रसपाटीलाही लागतो आणि डोंगरावरही. ताशी ५ किलोमीटरला जी ऊर्जा लागते ती विरळ हवेत चौपट होत नाही. घटते ती तुमची कमाल मर्यादा, १५०० मीटरच्या वर दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास. छत खाली आलं म्हणून तोच माणूस छताच्या जवळ वाटतो: धाप लागते, ठोके वाढतात, त्रास जास्त होतो. त्रास जास्त म्हणजे कॅलरी जास्त, हा समज बहुतेक लोक करून घेतात. तुम्ही दमून वेग कमी केलात तर उलट कमी कॅलरी जळतील.

आता माणसांवरचे प्रयोग. २००८ मध्ये एक छापून आला: लठ्ठ व्यक्ती, आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी दीड तास हलका व्यायाम. एका गटाला १५ टक्के ऑक्सिजन, दुसऱ्याला तीच यंत्रणा पण साधी हवा, आणि कोण कुठल्या गटात हे कुणालाच ठाऊक नाही. विरळ हवेचा गट सरासरी १.१४ किलोने उतरला, दुसरा ०.०३ किलोने. जाहिरातीत यालाच "कित्येक पट" म्हणता येईल! पण ३२ जण सुरू झाले आणि शेवटपर्यंत टिकले २०. आणि दीड-दीड तासाच्या चोवीस बैठकांनंतर एक किलो.

२०१० मधला दुसरा मला जास्त आवडतो. ४५ जाड माणसं, चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, एक-एक तास. दोन्ही गटांची तंदुरुस्ती सारखीच वाढली, पण विरळ हवेच्या गटाने ती कमी वेगात, ट्रेडमिलवर कमी काम करून मिळवली. शरीरातल्या चरबीतही त्यांचा फरक थोडा बरा. मंदगती, तुमच्या गुडघ्यासाठी महत्त्वाची ओळ हीच आहे, त्यावर परत येतो.

टाइप २ मधुमेहींवरही प्रयोग झालेत. विरळ हवेत तासभर मध्यम व्यायाम केल्यावर काही तासांतली इन्सुलिनची परिणामकारकता साध्या हवेतल्या व्यायामापेक्षा जास्त सुधारलेली दिसली. पण ते एका बैठकीचं झालं. अनेक आठवड्यांचे प्रयोग एकत्र करून बघितले की उपाशीपोटीची साखर, इन्सुलिन, वजन यांत विरळ हवेचा वेगळा फायदा कधी दिसतो, कधी नाही. गट लहान, प्रत्येकाची ऑक्सिजनची टक्केवारी निराळी, कुणी दोन्ही गटांचा वेग सारखा ठेवलेला तर कुणी हृदयाचे ठोके. सफरचंदं मोजताय की संत्री हेच ठरवलेलं नाही.

आणि तुलनेला दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवरची अमेरिकेतली मोठी चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करणं हे ध्येय. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. सगळं साध्या हवेत.

निशाचर

एक शंका दोन दिवस डोक्यात फिरतेय, विचारूनच टाकतो.

मला झोपेतल्या श्वासरोधाचा त्रास आहे, चार वर्षं सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) लावून झोपतो. निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की रात्रभर ऑक्सिजन वारंवार पडत असल्यामुळे साखर आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात. आणि इथे म्हणताय ऑक्सिजन कमी केला की साखर सुधारते. एकाच गोष्टीची दोन तोंडं कशी? कुणीतरी एक खोटं बोलतंय.

पेशीवाला

निशाचर, धाग्यातला सर्वात चांगला प्रश्न. कुणीच खोटं बोलत नाही.

ऑक्सिजन पडला की शरीर एकाच वेळी दोन गोष्टी करतं. स्नायू मागचं दार उघडतात, ते आपण पाहिलं. पण त्याच वेळी धोक्याची घंटाही वाजते: ॲड्रेनलिन चढतं, ठोके वाढतात, यकृत साखर बाहेर टाकतं, चरबीतून मेदाम्लं रक्तात येतात. ही दुसरी बाजू इन्सुलिनच्या विरोधात काम करते. निरोगी लोकांना ४५५९ मीटर उंचीवर नेऊन पाहिलं तेव्हा पहिल्या दोन दिवसांत इन्सुलिनचा परिणाम चांगलाच घसरला, आठवडाभरात बराचसा सावरला. जागेपणी निरोगी लोकांना पाच तास श्वासरोधासारखे झटके दिले, तासाला चोवीसेक वेळा ऑक्सिजन पाडला, तर इन्सुलिनची परिणामकारकता १७ टक्क्यांनी घटली. फक्त पाच तासांत!

म्हणजे प्रश्न मात्रेचा आहे. २०१४ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एक आढावा निघाला होता. हवेत ९ ते १६ टक्के ऑक्सिजन आणि दिवसाला ३ ते १५ वेळा, असं असेल तर बहुतेक ठिकाणी फायदा. २ ते ८ टक्के आणि दिवसाला ४८ पासून थेट २४०० वेळा, असं झालं की नुकसान. श्वासरोधात ऑक्सिजन पडतो, परत चढतो, पडतो, चढतो, रात्रीत शेकडो वेळा. प्रत्येक वेळी परत चढताना घातक रेणूंचा लोंढा येतो, आणि वर झोपही तुटते. शिवाय तेव्हा स्नायू स्वस्थ पडलेले असतात. धोक्याची घंटा वाजते आणि बाहेर आलेली साखर जाळायला कुणी नसतं. व्यायाम करताना निदान गिऱ्हाईक समोर उभं असतं.

चढउतार

"मात्रा" शब्द पटला. आमच्यात पण म्हणतात, उंची तीच, चढायचा वेग चुकला की माणूस आडवा.

अवांतर: १९६८ चं मेक्सिको ऑलिंपिक २२४० मीटरवर झालं. विरळ हवेचा रोध कमी म्हणून बॉब बीमनची ८.९० मीटरची लांब उडी, आणि त्याच मैदानावर लांब पल्ल्याचे धावपटू कासावीस. तिथून खेळाडूंमध्ये उंचीवरच्या सरावाचं वेड सुरू झालं. पुढे १९९० च्या दशकात प्रयोगांतून पुढे आलं ते असं, की राहा उंचावर, जोरदार सराव करा खाली. कारण उंचीवर पूर्ण ताकदीने पळताच येत नाही. खेळाडूंना नेमका जो तोटा वाटतो (वेग कमी पडणं), तोच मंदगतींच्या गुडघ्याला फायद्याचा, गंमतच आहे.

आकडेमोड

चढउतार यांनी माझ्या तोंडचं वाक्य पळवलं. तेच सांगायचं होतं. हृदयाला, फुप्फुसांना आणि स्नायूंच्या पेशींना ताण हवा असतो. गुडघ्याला मात्र प्रत्येक पावलाचा भार मोजावा लागतो. साध्या हवेत हे दोन्ही बांधलेले असतात, वेग वाढवल्याशिवाय ठोके वाढत नाहीत. विरळ हवेत ते सुटे होतात. ताशी ४ च्या वेगात साडेपाचचे ठोके. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा उपयोग एवढाच आहे. बाकी "चरबी वितळते" वगैरे सोडून द्या.

आणि हो, हाच परिणाम सायकलने किंवा कमरेपर्यंत पाण्यात चालूनही बराचसा मिळतो. तिथे नायट्रोजनचं यंत्र लागत नाही.

खवचट

म्हणजे आळशी माणसाने हळू चालायचं आणि शरीराला वाटणार धावतोय. मला हवं होतं ते शास्त्र अखेर सापडलं.

अर्धविराम

उंचीवर राहणारे लोक बारीक असतात, त्यांना मधुमेह कमी असतो असं वाचलं होतं. ते?

आकडेमोड

अमेरिकेतल्या पाहण्यांत उंच भागांत लठ्ठपणा आणि मधुमेह कमी दिसतो, खरं आहे. पण उंचावर राहणाऱ्यांचं वय, काम, कमाई, चालणं, तापमान, सगळंच निराळं. शक्य तेवढं गणिताने वजा केलं तरी काहीतरी उरतंच. इशारा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको.

त्यापेक्षा २०१० मधला जर्मन प्रयोग बोलका. वीस लठ्ठ पुरुषांना आठवडाभर २६५० मीटरवर एका संशोधन केंद्रात ठेवलं. मुद्दाम व्यायाम दिला नाही, पावलं मोजून नेहमीइतकीच ठेवली. तरी वजन दीड किलोच्या आसपास घटलं, भूक कमी झाली, विश्रांतीतला ऊर्जाखर्च वाढला. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता, आणि आठवड्यातलं वजन म्हणजे पाणीही असतं.

ओपीडी

पेशाने फिजिशियन. धागा छान चाललाय म्हणून गप्प होतो, पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मंदगती, १५-१६ टक्के ऑक्सिजनमध्ये हलका व्यायाम बहुतेक निरोगी माणसांना झेपतो. पण तुम्ही ५२ चे, वजन जास्त, साखर उंबरठ्यावर. हृदयाची तपासणी झाल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू नका. ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उजव्या बाजूच्या हृदयावर भार येतो. ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास, हृदयाची कमजोरी, फुप्फुसाचा जुनाट आजार, बऱ्यापैकी ॲनिमिया किंवा सिकल सेल आहे, आणि ज्या गर्भवती आहेत, त्यांनी हा नादच करू नये. सिकल सेलचा नुसता वाहक असलेल्यालाही उंचीवर प्लीहेचा त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील त्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर कित्येक तासांनीही एकदम खाली जाऊ शकते, झोपेतही. घाम, धडधड, थरथर ही लक्षणं विरळ हवेतल्या दमणुकीसारखीच असतात, त्यामुळे पटकन कळत नाही. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर ठोक्यांवरून अंदाज बांधू नका. आणि घरगुती ग्लुकोमीटरच्या काही पट्ट्यांत ऑक्सिजनवर अवलंबून असलेलं विकर असतं, कमी ऑक्सिजनमध्ये त्या चुकू शकतात. साखर खोलीबाहेर येऊन थोड्या वेळाने मोजा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आत असलाच पाहिजे. १५ टक्क्यांत बसल्या बसल्या आकडा नव्वदच्या थोडा वर असतो, व्यायामात ऐंशीच्या घरात जातो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, हे विसरू नका. आकडा ८० च्या खाली, गरगरणं, डोकं ठणकणं, बोलताना अडखळणं यांपैकी काहीही झालं की बाहेर.

सगळ्यात महत्त्वाचं. हे घरी करू नका. पिशवी, नळी, नायट्रोजनचा सिलिंडर, काही नको. जीव घुसमटतो ती जाणीव कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. शुद्ध नायट्रोजन ओढताना माणसाला काहीही वाटत नाही, दोन-चार श्वासांत तो कोसळतो.

आणि मंदगती, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये "असो, तो वेगळा विषय" म्हणून जे सोडून दिलंत ना, तो वेगळा विषय नाही. आठ तास झोपून दुपारी डुलक्या, घोरणं भिंतीपलीकडे, वजन जास्त, साखर चढती. झोपेची तपासणी करून घ्या. खोलीत शिरण्याआधी.

निशाचर

+१. मी पण "दमणूक आहे" म्हणत दोन वर्षं काढली.

मंदगती

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, घोरण्याबद्दल घरच्यांना तुमची पोस्ट वाचून दाखवायची चूक केली. आता सुटका नाही. तपासणी करून येतो, मग लिहितो.

मंदगती

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी.

झोपेच्या तपासणीचा निकाल: तासाला २२ वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो (१५ ते ३० म्हणजे मध्यम). रात्रीचा रक्तातला सर्वात खालचा ऑक्सिजन ७८ टक्के. पेशीवाल्यांनी लिहिलेला चोवीसवाला प्रयोग आठवला आणि पोटात गोळा आला. ते लोक पाच तास करून घरी गेले, मी किती वर्षं रोज रात्री करतोय देव जाणे. अडीच हजार मीटरसाठी काचेची खोली शोधत होतो, माझा डोंगर उशाशीच होता.

सीपॅप सुरू झालं. पहिले दहा दिवस नकोसं झालं, मग जमलं. दुपारच्या डुलक्या गेल्या. हृदयाची तपासणी, स्ट्रेस टेस्ट ठीक. त्यानंतर महिनाभराने खोलीत गेलो, डॉक्टरांना विचारून. यंत्राच्या पाटीवर आकडा होता १६.५ टक्के, तो ट्रेनरनेही माझ्याबरोबर पहिल्यांदाच वाचला असावा. आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं. बाहेर ताशी साडेपाचला जे ११८ ठोके पडतात ते आत सव्वाचारला पडतात. गुडघा गप्प. बाकीचे तीन दिवस बाहेर सायकल.

एचबीए१सी ५.९. वजन चार किलो कमी. आता खोलीमुळे की सीपॅपमुळे की सायकलमुळे?

आकडेमोड

अभिनंदन! पण उत्तर देता येणार नाही. एक माणूस, तीन बदल एकदम, तुलनेला कुणी नाही. सीपॅपचंच बघा: उंबरठ्यावरच्या लोकांना प्रयोगशाळेत दोन आठवडे रोज पूर्ण आठ तास लावून झोपवलं तेव्हा साखर सुधारली, पण घरी लोक चार-पाच तासच लावतात आणि तिथले निकाल संमिश्र येतात. मला पैज लावायचीच झाली तर चार किलो आणि सायकलवर लावेन. खोली शेवटच्या नंबरावर.

ओपीडी

पैज मान्य. फक्त खोलीमुळे ते नियमित चालले, हे धरायचं का नाही?

आकडेमोड

ते धरा. पण ते ऑक्सिजनच्या खात्यात नको.

पेशीवाला

सहमत. एक भर: व्यायामाने उघडलेलं दार दिवस-दोन दिवसच उघडं राहतं, मग परत बंद. विरळ हवा असो की दाट. तेव्हा सलग दोन दिवसांच्या वर खंड पडू देऊ नका.

खवचट

मंदगती, आयडी बदला आता.

मंदगती

आयडी राहू द्या, वेग सव्वाचारच आहे :) निशाचर, एक विचारायचं होतं. मास्कचे पट्टे सकाळी गालावर वळ उठवतात आणि तरी नाकाजवळून हवा सुटते. अजून घट्ट करू का?

निशाचर

उलट सैल करा. घट्ट आवळलं की मास्कच्या कडेची मऊ उशी चपटी होते आणि जास्तच गळते. आडवं पडून, यंत्र चालू करून मग पट्टे बसवा, बसल्या बसल्या नको. तरी गळत असेल तर मास्कचा आकार चुकलाय, बदलून घ्या.